लक्क्याचे पाय

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मामांची कबुतरांची ढाबळ पाहायला मी त्यांच्या गच्चीवर गेले होते. मामा माझे नात्याने कोणी लागत नाहीत, पण कोल्हापुरात गल्लीतला प्रत्येक कबूतरवाला कुणाचा ना कुणाचा मामा असतोच. एक पांढरा लक्का, म्हणजे शेपटीचा पंखा उभारणारं कबूतर, काखेत दाबून ते त्याच्या पायांची पिसं कात्रीने छाटत बसले होते. जोडीने अंडी घातली होती. पायाला एवढी लांब पिसं असली की उठता-बसता अंडं त्यात अडकून घरट्याबाहेर ओढलं जातं, शिवाय विष्ठा चिकटून पिसांचे खडे होतात. म्हणून विणीच्या दिवसांत ती कापायची. मामांचा हात सराईत होता, पण एका पिसाला कात्री लागली आणि कापल्या टोकातून रक्ताचा टपोरा थेंब वर आला. पीस अजून वाढीला होतं. वाढत्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं. मामांनी चिमूटभर हळद दाबली आणि म्हणाले, "ह्येला काय हुत न्हाई मॅडम. जातच तशी हाय त्येची."

पक्ष्याला खरंच काही झालं नाही. तो हातातून सुटला, शेपटीचा पंखा उभारून दोन पावलं मागे सरकला आणि पुन्हा अंड्यांकडे गेला. मी मात्र त्या थेंबापाशी अडकले. साध्या पारव्याचा पाय हातात घेऊन पाहा. लालसर, कोरडा, खवल्यांनी मढवलेला, उन्हात असूनही जरा गार. त्या पायाला आणि पिसाला एकमेकांची ओळख नसते. लक्क्याच्या पायावरची पिसं मऊ लवही नव्हती. आतल्या बाजूची बारीक होती, पण बाहेरच्या दोन बोटांवरची ताठ होती, मधे टणक दांडा, दोन्ही बाजूंना घट्ट विणलेलं पातं. मी मामांना त्याचा पंख उघडून धरायला सांगितला. लांब पिसं पंखाच्या मागच्या कडेला ओळीने बसलेली. पायावर ती बाहेरच्या कडेला ओळीने बसलेली. घडण एक, मांडणी एक. पायावर कुणीतरी छोटा पंख काढायला घेतला आणि अर्ध्यात सोडला, असं ते दिसत होतं.

मग हा पाय कधी ठरला? आणि किती ठरला?

ही शंका जुनी आहे. डार्विननं १८५५ पासून स्वतःच्या घरी कबुतरं पाळली होती, लंडनच्या कबूतरबाजांच्या क्लबात तो जाऊन बसायचा. १८६८ च्या ग्रंथात पायमोजे घातल्यासारख्या ह्या पक्ष्यांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. पायाची पिसं बाहेरच्या दोन बोटांवर येतात, एका जातीत ती चिमुकल्या पंखांसारखी दिसतात, आणि पिसाळ, म्हणजे पिसं असलेल्या, पायांच्या एका बँटम ह्या ठेंगण्या जातीच्या कोंबड्यात ती साडेनऊ इंच लांब भरल्याची नोंद त्यानं दिलीय. ही पिसं घुबडाच्या पायावरच्या मऊ लवेसारखी नसून पंखाच्या मोठ्या पिसांसारखी आहेत, हे त्याला एडवर्ड ब्लाइथनं सुचवलं होतं. हा ब्लाइथ कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता, १८४१ पासून वीसेक वर्षं तिथेच राहिला. डार्विननं त्यावर कारण जोडलं ते चुकलं. त्याला वाटलं, खाणं जास्त झाल्यानं पिसारा वाढत गेला असावा. पण पायावर पिसं उगवतात ती जागा पंखावरच्या जागेशी जुळते, हे त्यानं नेमकं धरलं होतं. हाती एकही जनुक नसताना, निव्वळ पाहून. मला ह्या माणसाचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते अशा ठिकाणी.

माझ्या लहानपणी आमच्या घरी कोंबड्या होत्या. कोंबडी खुडूक झाली की आजी पाटीत भुसा घालून तिला अंड्यांवर बसवायची. आठवड्यानंतर रात्री एकेक अंडं काढून कंदिलासमोर धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की परत पाटीत, नाही दिसलं की बाजूला. आजीचा हात अंड्याभोवती वळलेला असायचा आणि तिच्या बोटांच्या फटींतून कवचाचा केशरी उजेड यायचा. त्या उजेडात एक ठिपका हलायचा. आजी त्याला "जीव धरला" म्हणायची. एकवीस दिवसांचा हिशोब ती बोटांवर करायची आणि तो चुकल्याचं मला आठवत नाही. ॲरिस्टॉटलनंही अंडी दिवसागणिक फोडून पाहिली होती आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला पांढऱ्यात उड्या मारणारा रक्ताचा ठिपका, म्हणजे हृदय, दिसतं असं लिहिलं होतं. हे मी पुढे वाचलं तेव्हा मला प्रथम कंदील आठवला.

कॉलेजात ह्याच अंड्यांच्या स्लाइड्स आल्या. चोवीस तास, तेहतीस तास, अठ्ठेचाळीस, बहात्तर. गुलाबी रंगवलेले, काचेखाली चपटे झालेले गर्भ. त्यात मला काही जिवंत वाटलं नाही. नंतर एम.एस्सी.ला एकदा खिडकी पाडलेलं अंडं बघायला मिळालं. अंडं आडवं ठेवायचं, सुईनं थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा म्हणजे गर्भ कवचापासून खाली उतरतो, वर चिकटपट्टी लावून बारीक कात्रीनं चौकट कापायची. मग भिंगाखाली पाहायचं. पिवळ्या बलकावर गर्भ पसरलेला असतो आणि हृदय चाललेलं असतं. अवघ्या तीन दिवसांचं. खोलीत उबवणीयंत्राची दमट ऊब आणि स्पिरिटचा वास. मी खूप वेळ श्वास धरून पाहत होते, आणि त्याच वेळी आतून काहीतरी टोचत होतं, कारण ते अंडं पुन्हा पाटीत जाणार नव्हतं. ते टोचणं आजही गेलेलं नाही. गर्भाच्या ह्या शास्त्रातलं जवळजवळ सगळं ज्ञान अशा खिडक्यांतून आलंय आणि मला ते ज्ञान प्रिय आहे. दोन्ही गोष्टी मी एकत्रच बाळगते.

आपल्याकडे ह्या विषयाची घडी बसवली ती पुण्यात, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, लीला मुल्हेरकर यांनी. एडिनबरोत गर्भशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे शिकून त्या परतल्या आणि कोंबडीचा गर्भ कवचाबाहेर काचेच्या बशीत वाढवण्याची कला त्यांनी इथल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिली. माझ्या पिढीतल्या अनेकांचे शिक्षक त्यांच्या तालमीतले. महाग यंत्रं नसताना कोंबडीचं अंडं परवडायचं, हेही एक कारण असावं.

तर तिसऱ्या दिवशी गर्भाच्या कुशीला दोन जोड्या फुगवटे येतात. पुढची जोडी पंखांची, मागची पायांची. शिजलेल्या भाताच्या शितासारखे ते दिसतात, पांढुरके आणि अर्धपारदर्शक. पंखाचा अंकुर कुठला आणि पायाचा कुठला, हे त्यांच्या जागेवरून सांगता येतं. नुसता अंकुर कापून बशीत ठेवला तर त्या वेळी कुणालाही ओळखणं कठीण. आत हाड नाही, स्नायू नाही, बोटं नाहीत. वरून त्वचेचा पातळ थर, टोकाला त्याच थराची जरा जाड झालेली कड, आत एकसारख्या दिसणाऱ्या पेशी.

पण अंकुराचं आधीच ठरलेलं असतं. पन्नासच्या दशकात एडगर झ्विलिंगनं दोन अंकुरांची त्वचा आणि आतला गाभा यांची अदलाबदल केली. पंखाची त्वचा, पायाचा गाभा. तयार झाला पाय. पायाची त्वचा, पंखाचा गाभा. तयार झाला पंख. ओळख गाभ्यात होती. टोकाच्या कडेचं काम वेगळं. ती 'वाढत राहा' एवढंच सांगते. जॉन साँडर्स यांनी १९४८ मध्ये दाखवलं होतं की पंखाच्या अंकुराची ती कड काढली तर पंख तिथेच तुटका राहतो. कड जितकी लवकर काढाल तितका आखूड.

ह्याच साँडर्स यांनी सहकाऱ्यांबरोबर १९५७ मध्ये केलेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी सांगताना माझा आवाज जरा बदलतो. पायाच्या अंकुराच्या बुडापासून, जिथे पुढे मांडी होणार होती तिथून, त्यांनी गाभ्याचा लहानसा तुकडा घेतला आणि पंखाच्या अंकुराच्या टोकाशी, कडेच्या अगदी खाली बसवला. काय होईल? मांडीचा तुकडा मांडीच बनवेल असं एकाला वाटतं. पंखात गेला म्हणजे पंखाचा होईल असं दुसऱ्याला वाटतं. झालं तिसरंच. पंखाच्या टोकाला पायाची बोटं आली, नखांसकट, खवल्यांसकट.

म्हणजे तुकड्यानं आपण पायाचे आहोत हे सोडलं नाही. आपण मांडीचे आहोत हे मात्र सोडून दिलं. नव्या जागेनं त्याला सांगितलं, तू टोकाला आहेस, आणि टोकाला असणं म्हणजे पायाच्या भाषेत बोटं. त्यानं जागेचं ऐकलं, आपल्या परीनं. पुढे लुइस वोल्पर्टनं १९६९ मध्ये ह्याला सैद्धांतिक रूप दिलं: जागेची खूण पंखात आणि पायात एकच असते, तिचा अर्थ लावणाऱ्या पेशी वेगळ्या. मला सिद्धांतापेक्षा ती नखं जास्त पटतात.

आता ही ओळख म्हणजे नेमकं काय? नव्वदच्या दशकात तिच्या खुणा हाती लागल्या. टीबीएक्स ५ नावाचं जनुक गर्भाच्या ज्या पट्ट्यातून पंख उगवणार त्या पट्ट्यात चालू असतं, टीबीएक्स ४ आणि पिटएक्स १ पायाच्या पट्ट्यात. अंकुर दिसायच्या आधीच. त्याच सुमाराला चेरिल टिकल, मार्टिन कोन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गर्भाच्या कुशीत, पंख आणि पाय यांच्या मधल्या रिकाम्या भागात, वाढीच्या प्रथिनात भिजवलेला बारीक मणी ठेवला. तिथे एक जास्तीचा अवयव उगवला! मणी पंखाच्या जवळ असला तर पंखाच्या वळणाचा, पायाच्या जवळ असला तर पायाच्या. मधल्या जागी उगवलेल्या काही अवयवांत दोन्ही जनुकं शेजारी-शेजारी चालू सापडली आणि ते अवयवही मिश्र निघाले. थोडा पंख, थोडा पाय. पंख आणि पाय यांच्यामध्ये कुंपण नाही हे मला त्या मिश्र अवयवांनी पहिल्यांदा दाखवलं.

१९९९ मध्ये माल्कम लोगन आणि क्लिफर्ड टॅबिन यांनी विषाणूच्या मदतीनं पिटएक्स १ पंखाच्या अंकुरात चालू केलं. पंखाचं मनगट सरळ झालं, बोटं पायाच्या बोटांकडे झुकली, नखं आली, स्नायूंची रचनाही पायाच्या दिशेनं सरकली. पुरता पाय झाला नाही. टीबीएक्स ५ आणि टीबीएक्स ४ ची अदलाबदल करूनही त्याच वर्षी तसेच निकाल आले, आणि पाठ्यपुस्तकांत सुटसुटीत वाक्य बसलं: ५ म्हणजे पंख, ४ म्हणजे पाय. विद्यार्थ्यांना अशी वाक्यं फार आवडतात, परीक्षेत उपयोगी पडतात. पण २००५ मध्ये लोगन यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या गर्भात टीबीएक्स ५ काढून त्या जागी टीबीएक्स ४ दिलं, तर पुढचा पाय मुकाट्यानं पुढचा पायच झाला. ही दोन्ही जनुकं मुख्यतः अवयव उगवायला लावतात. मागच्या पायाचं मागचेपण बऱ्याच अंशी पिटएक्स १ कडे आहे, असं चित्र त्यातून पुढे आलं. वाक्य बिघडलं. मला ते बिघडलेलंच जास्त आवडतं, कारण एका कळीवर एक अवयव असा जीव कुठे चालतो?

आणि मग लक्का. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या मायकेल शापिरो यांच्या गटानं पिसाळ पायांच्या कबुतरांचा माग लावला. दोन बदल सापडले. एक पिटएक्स १ च्या आसपास, दुसरा टीबीएक्स ५ च्या आसपास. जनुकं जशीच्या तशी होती. ती कुठे आणि किती चालू व्हायची, ते ठरवणारा डीएनएमधला शेजारचा मजकूर बदलला होता. त्यामुळे अशा कबुतराच्या गर्भात पायाच्या अंकुरात पिटएक्स १ कमी पडतं, आणि टीबीएक्स ५ चं तिथे काही काम नसताना ते चालू होतं. पाय जरासा पंखाकडे सरकतो. पिसाळ पायांच्या कोंबड्यांतही पायाच्या अंकुरात टीबीएक्स ५ असं जागेबाहेर चालू सापडलं. मामांच्या ढाबळीतल्या पिढ्यांचा हिशोब ह्याच्याशी जुळतो. कोऱ्या पायाची मादी आणि पिसाळ पायाचा नर जोडला तर पिल्लांना "थोडी थोडी, आखूड" पिसं येतात, आणि त्या पिल्लांची आपसात जोडी लावली की कधी पायमोज्यांचं भरघोस पिल्लू निघतं, असं ते सांगतात. एक बदल जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीशेजारी असला तरी थोडा उघड होतो, दुसरा दोन्ही प्रती जुळल्याशिवाय दिसत नाही, आणि दोन्ही एकत्र आले की पिसं भरभरून येतात. मी त्यांना जनुकांची नावं सांगितली नाहीत. त्यांना ती लागत नाहीत.

ब्लाइथला पटलेली गोष्ट अशी दीडशे वर्षांनी अंकुरात सापडली, ह्याचा आनंद मला कितीतरी दिवस पुरला.

पण सगळ्याच पेशी आपली ओळख धरून बसत नाहीत. पंखाचे आणि पायाचे स्नायू अंकुरात जन्मत नाहीत. कण्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं मांडलेल्या पेशींच्या ठोकळ्यांतून, ज्यांना सोमाइट म्हणतात, त्यांच्या पेशी अंकुरात चालत येतात. हे सत्तरच्या दशकात लावे पक्ष्याचे तुकडे कोंबडीच्या गर्भात बसवून कळलं, कारण लाव्याची पेशी तिच्या केंद्रकावरून कोंबडीच्या पेशींत ओळखू येते. पंखासमोरचे ठोकळे पायासमोर बसवले तर त्यांतून पायाचे स्नायू होतात, बिनतक्रार. ह्या पेशींना वाट आणि आकार गाभा सांगतो. एकाच अवयवात हट्टी पेशी आणि समंजस पेशी शेजारी राहतात आणि त्यांच्यातून एक चालणारा पाय तयार होतो. हट्टी शब्द मी मुद्दाम वापरला, आणि तो वापरताना मला बरं वाटलं नाही, कारण पेशीला हट्ट नसतो. पण दुसरा शब्द मिळेना.

माणसांतही हे घडतं. १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कुटुंबाची नोंद झाली. त्यांतल्या काहींची कोपरं गुडघ्यांच्या घडणीची होती, मनगटातली हाडं घोट्यातल्या हाडांकडे झुकलेली. लीबेनबर्ग सिंड्रोम. २०१२ मध्ये त्याचं कारण सापडलं: पिटएक्स १ च्या शेजारच्या मजकुरात उलथापालथ होऊन ते हाताच्या अंकुरात चालू झालं होतं. लोगन आणि टॅबिन यांच्या कोंबडीचंच हे रूप. टीबीएक्स ५ ची एक प्रत बिघडली तर अंगठा आणि हृदयाची भिंत दोन्हींत दोष येतो, कारण तेच जनुक हृदयातही कामाला असतं. हे १९९७ मध्ये कळलं. ही नोंद वाचली त्या रात्री मी कंदिलासमोरचा हलणारा ठिपका पुन्हा आठवला. आजीला ठिपका दिसायचा तेव्हा पंखाचा अंकुर कधीच उगवून मोठा झालेला असायचा, आणि दोन्ही एकाच जनुकाचं ऐकत घडले होते.

प्रश्न मात्र मागे-मागे सरकत राहतो. अंकुर तिसऱ्या दिवशी. त्याची ओळख त्याच्याही आधी, दुसऱ्या दिवशी. आणि पंखाचा पट्टा तिथेच का, दोन बोटं मागे का नाही? जेरोम ग्रो यांच्या गटानं २०१९ मध्ये कोंबडी, झेब्रा फिंच आणि शहामृग यांचे गर्भ शेजारी ठेवून पाहिले. गर्भाच्या मधोमध एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. वरच्या पेशी तिच्यातून आत उतरतात आणि कडेला पसरतात. पंखाच्या जागेच्या पेशी आधी उतरतात, मग कुशीच्या, मग पायाच्या. आणि उतरतानाच हॉक्स नावाची जनुकं एकापाठोपाठ एक जागी होतात. एक हॉक्स पंखाला वाट देतं, मागाहून येणारं ती बंद करतं. शहामृगाची मान लांब आणि पंख मागे, कारण त्याच्यात ही मालिका उशिरा पुढे सरकते. फिंचमध्ये ती लवकर सरकते. जागा ठरली ती वेळेनं. ही सगळी धावपळ उबवणीच्या पहिल्या दिवसाच्या आसपास चालते. हृदय नाही, रक्त नाही, कंदिलासमोर धरून काही दिसणार नाही.

ह्या वर्षीपासून मी प्रात्यक्षिकाचा क्रम बदललाय. पूर्वी चोवीस तासांची स्लाइड पाच मिनिटांत उरकायची आणि सगळा वेळ बहात्तर तासांच्या गर्भाला द्यायचा, कारण तिथे हृदय आहे, डोळे आहेत, अंकुर आहेत, काढायला भरपूर आहे. आता चोवीस तासांच्या स्लाइडला अख्खा तास देते. मुलं कंटाळतात. "मॅडम, ह्यात काढायचं काय?" असं विचारतात. मी त्यांना रेघ काढायला लावते, तिची लांबी मोजायला लावते, तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या पेशींचा थर पेन्सिलीनं हलका भरायला लावते. आणि आकृतीच्या खाली अंडं किती तास उबवलं तो आकडा लिहायचाच; तो नसेल तर मी सही करत नाही.